पहिला शोधनिबंध पाठवताय? आधी एवढं बघून घ्या

पीएचडीची नोंदणी झाली की थोड्याच दिवसांत आजूबाजूचे विचारायला लागतात, "पेपर काढला का?" विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०२२च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आणायची सक्ती काढून टाकली, तरी हा प्रश्न काही बंद झालेला नाही. नोकरीच्या मुलाखतीत आणि बढतीच्या अर्जात छापील पेपरांचे गुण मोजले जातातच. मग घाई होते. नवखा संशोधक आधी लिहून टाकतो, मग कुठे छापता येईल ते शोधतो आणि नीतिनियमांचा विचार सगळ्यात शेवटी, सिमिलॅरिटीचा, म्हणजे इतर लेखनाशी साम्य किती याचा, अहवाल जोडायच्या वेळी करतो.

क्रम नेमका उलटा हवा. माझ्या पाहण्यातली बहुतेक भांडणं आणि तक्रारी लिखाणातून उभी राहिलेली नाहीत. काम सुरू होताना जे बोलून आणि लिहून ठेवायचं ते राहून गेलं, आणि दोन वर्षांनी ते अंगाशी आलं, असंच बहुतेक वेळा झालेलं दिसतं. कोर्सवर्कमध्ये आता 'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' हा दोन क्रेडिटचा विषय सक्तीचा आहे. व्याख्या तिथे पाठ होतील. इथे कामाच्या क्रमाने सांगते: काय, केव्हा आणि कुणाकडून लेखी घ्यायचं.

पायरी १: परवानगी कामाच्या आधी

संशोधनात माणसं येत असतील, मग ते रक्ताचे नमुने असोत की आशा कार्यकर्त्यांच्या मुलाखती, नीतिमत्ता समितीची मंजुरी माहिती गोळा करायला लागण्यापूर्वी घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआरची) २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आरोग्यविषयक संशोधनालाही लागू आहेत, फक्त औषधांच्या चाचण्यांना नाहीत. चाचण्यांसाठी तर आणखी एक अट आहे. सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत चाचणीची नोंद करणं १५ जून २००९पासून सक्तीचं आहे, आणि तेही पहिला रुग्ण सामील करून घेण्याआधी.

"आम्ही मराठीवाले, आम्ही इतिहासवाले, आम्हाला कशाला समिती?" असं हमखास ऐकू येतं. पण मुलाखत देणाऱ्या बाईचं नाव, गाव, जात, डोक्यावरचं कर्ज असं सगळं छापून मोकळे होणारेही याच विभागांत सापडतात. नाव बदलून भागत नाही. गावाला टोपणनाव दिलं आणि पुढच्याच ओळीत 'तालुक्यातली एकमेव महिला सरपंच' असं लिहिलं, तर ओळखायचं कोण राहिलं? संमतीपत्र मराठीत असू द्या, गरज असेल तिथे वाचून दाखवा, आणि 'हे छापून येणार आहे' हे वाक्य त्यात स्पष्ट असू द्या. मंजुरीचा क्रमांक आणि तारीख वहीत टिपून ठेवा. मागच्या तारखेचं पत्र मिळवून देतो म्हणणारे महाभाग भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका, संपादक समितीचं मूळ पत्र मागू शकतात.

पायरी २: नावं कुणाची आणि कोणत्या क्रमाने

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, लेखक कोणाला म्हणायचं याचे चार निकष दिले आहेत. इतर विषयांतली जर्नलंही ते कमीअधिक फरकाने मानतात. पहिला, कामाच्या कल्पनेत, आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा. दुसरा, मसुदा लिहिणं किंवा तो बारकाईने, मुद्द्यांसह तपासणं. तिसरा, छापायला जाणाऱ्या अंतिम मजकुराला मान्यता. चौथा, कामाबद्दल उद्या प्रश्न उठला तर उत्तर द्यायची जबाबदारी. चारही हवेत, चारांतला एखादा पुरत नाही. निधी आणून दिला, प्रयोगशाळेची किल्ली दिली, विभागप्रमुख आहेत, एवढ्यावर कुणी लेखक होत नाही. त्यांची जागा आभारात.

प्रत्यक्षात मात्र आयत्या बिळावर नागोबा बरेच असतात, आणि त्याला कारण नुसता मोठेपणा नाही. यूजीसीच्या २०१८च्या शिक्षक-नियुक्तीच्या नियमांत दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात. त्याहून जास्त असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे तीन जणांनी एकमेकांच्या पेपरांत नावं घातली तर तिघांचीही बेरीज वाढते. हे गणित स्टाफरूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहे. तुम्हालाही माहीत असू द्या, म्हणजे 'जरा त्यांचंही नाव घाल' या वाक्याचा भाव कळेल.

यावर विद्यार्थ्याने भांडण काढावं असं मी म्हणणार नाही, ते शक्यही नसतं. पण लेखी विचारता येतं, आणि तेही आदबीने. मसुदा पूर्ण व्हायच्या बराच आधी गाईडना असा मेल जाऊ द्या:

"सर, नमस्कार. पेपरचा आराखडा सोबत जोडला आहे. कामाची वाटणी मी अशी धरली आहे: मुलाखती आणि त्यांचं विश्लेषण माझं, आखणी आणि मसुद्याची तपासणी आपली, तक्त्यांची संख्याशास्त्रीय बाजू कुलकर्णी मॅडमची. त्यानुसार लेखकांचा क्रम मी, कुलकर्णी मॅडम आणि आपण असा ठेवू का? विभागप्रमुख सरांनी साहित्य उपलब्ध करून दिलं, त्यांचा उल्लेख आभारात करावा असं वाटतं. आपण सुचवाल तसा बदल करते."

या मेलमध्ये कुणावर आरोप नाही, तरी सगळं कागदावर आलं. अनेक जर्नलं 'क्रेडिट' नावाची पद्धत वापरतात. तिच्यात १४ प्रकारची कामं ठरवून दिलेली आहेत, आणि कुणी काय केलं ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहावं लागतं. तुमच्या जर्नलाने मागितलं नाही तरी तो तक्ता भरून जवळ ठेवा. ज्याच्या नावापुढे एकही काम लिहिता येत नाही, त्याचं नाव चर्चेत आपोआप येतं.

नाव लागणं म्हणजे फुकटचा मान वाटत असेल, तर २०२०ची एक गोष्ट वाचा. कोविडच्या काळात 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये २२ मे रोजी एक निबंध आला. ६७१ रुग्णालयांतल्या ९६,०३२ रुग्णांच्या नोंदींवरून त्यात म्हटलं होतं की हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनने फायदा तर नाहीच, उलट मृत्यू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग लोक आकडे तपासू लागले आणि ते जुळेनात. मूळ नोंदी सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीकडे होत्या, आणि तिचा प्रमुख हा निबंधाच्या चार लेखकांपैकी एक होता. बाहेरच्या तपासनीसांना नोंदी दाखवायला कंपनीने नकार दिला. तेव्हा उरलेल्या तिघांनी ४ जूनला निबंध मागे घेतला, कारण ज्या माहितीवर आपण सह्या केल्या तिची खात्री आपल्याला देता येत नाही. तिघेही नावाजलेले होते. मूळ नोंदी मात्र पुरेशा पाहिल्या नव्हत्या.

तेव्हा सहलेखक म्हणून नाव लावताना मूळ माहितीची फाइल मागा. मिळत नसेल तर नाव काढून घ्या.

पायरी ३: मूळ माहिती जपा

वही, ध्वनिमुद्रणं, कच्चे तक्ते, यंत्रातून आलेली न छाटलेली चित्रं, सगळं तारखेसह आणि दोन ठिकाणी ठेवा. चित्राचा उजेड थोडा वाढवणं चालतं, पण तो पूर्ण चित्राचा वाढवावा. चित्रातली नको असलेली पट्टी पुसणं किंवा एका प्रयोगाचं चित्र दुसऱ्याच्या नावाने लावणं म्हणजे बनावट.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या एका गटाचा २००५चा निबंध 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'ने २००७मध्ये मागे घेतला. आधी छापलेलीच चित्रं नव्या नावाने वापरली, असा तो आक्षेप होता. लेखकांनी तो नाकारला आणि चौकशी करणाऱ्यांतही एकमत झालं नाही. अशा वादात शेवटी एकच प्रश्न उरतो: मूळ फिल्म कुठे आहे आणि तिच्यावर काय लिहिलेलं आहे?

पायरी ४: लिहिताना उचलेगिरी

यूजीसीचे २०१८चे वाङ्मयचौर्याचे नियम एकदा स्वतः वाचा, फार मोठे नाहीत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के ही पहिली पातळी, ४० ते ६० दुसरी, ६०च्या वर तिसरी. प्रबंधाच्या बाबतीत पहिल्या पातळीला सुधारून पुन्हा सादर करायला सहा महिन्यांपर्यंतची मुदत मिळते. दुसऱ्या पातळीला वर्षभर सादरच करता येत नाही, आणि तिसऱ्याला नोंदणी रद्द होते. छापलेल्या पेपरच्या बाबतीत शिक्षकांना पेपर मागे घ्यावा लागतो. वरच्या पातळ्यांना वेतनवाढ थांबते आणि काही वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. योग्य उल्लेखासह दिलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर, प्रमाण समीकरणं, सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य ज्ञान हे मोजणीतून वगळलं जातं.

आता या आकड्यांनी जे नुकसान केलं ते. 'दहा टक्क्यांच्या आत आणून देतो' असा एक धंदाच उभा राहिला आहे. सॉफ्टवेअर शब्दांचं साम्य मोजतं, चोरी ओळखत नाही. पद्धतीच्या भागात ठरलेली वाक्यं असल्यामुळे प्रामाणिक पेपरात १५ टक्के निघू शकतात, आणि सबंध कल्पना उचललेल्या पेपरात तीन.

उदाहरण घेऊ. समजा एका लेखात हे वाक्य आहे:

'गावातल्या विहिरी आटल्या की पाणी आणायचं अंतर वाढतं, आणि ते वाढलेलं अंतर बायकांच्या वेळेतूनच वजा होतं.'

आणि तुम्ही लिहिलंत:

'खेड्यातील विहिरी कोरड्या पडल्यावर पाण्यासाठीची पायपीट वाढते व या वाढीव पायपिटीची किंमत महिलांच्या वेळेतून चुकवली जाते.'

सॉफ्टवेअर बहुधा गप्प बसेल. पण ही चोरीच आहे, कारण निरीक्षण त्यांचं, मांडणीही त्यांचीच, फक्त कपडे बदललेत. खाली संदर्भ दिलात तर श्रेय दिल्यासारखं होईल, तरी वाक्याची चौकट उसनीच राहील. खरं काम असं दिसतं:

'पाणीटंचाईचा भार वेळेच्या रूपाने बायकांवर पडतो, हे आधीच्या अभ्यासाने दाखवलं आहे. माझ्या नोंदींत मात्र हा भार आधी घरातल्या मोठ्या मुलीवर जातो, आणि तिची सकाळची शाळा बुडते.'

इथे पहिल्या वाक्यापाशी संदर्भ येईल, दुसरं वाक्य तुमचं. दुसरं वाक्य सुचत नसेल तर अजून लिहायची वेळ आलेली नाही, असं खुशाल समजा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. इंग्रजी लेखाचे परिच्छेद भाषांतरित करून आपल्या नावावर छापणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. यंत्राला ती बऱ्याचदा पकडता येत नाही, म्हणून ती चालून जाते. नियमांत याला सवलत नाही. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून पुढे करणं म्हणजे वाङ्मयचौर्य, मग ते कोणत्याही भाषेतून आलेलं असो. भाषांतर करायचंच असेल तर तसं म्हणा, आणि परवानगी घ्या.

स्वतःचा मजकूरही पुन्हा वापरता येत नाही, निदान न सांगता नाही. आणि एकाच अभ्यासाचे तुकडे पाडून चार पेपर काढायचा मोह झाला, तर स्वतःला विचारा: चौथा पेपर वाचणाऱ्याला उरलेले तीन वाचल्याशिवाय काही कळेल का?

पायरी ५: एआयची मदत घेतली असेल तर सांगा

प्रकाशननीतीवर काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेने फेब्रुवारी २०२३मध्ये स्पष्ट केलं की एआय साधनाला लेखक म्हणता येत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. भाषा सुधारायला वापरलंत तर कोणतं साधन, कशासाठी, ते लिहा. प्रत्येक जर्नलाचा नियम थोडा वेगळा असतो. एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ मात्र उघडून बघाच. अस्तित्वात नसलेले लेख खऱ्या लेखकांच्या नावावर ते बिनदिक्कत देतं.

न वाचता पाठवणाऱ्यांची फजिती जगजाहीर आहे. २०२४मध्ये एल्सेव्हिअर या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या एका जर्नलातल्या निबंधाची सुरुवातच 'सर्टनली, हिअर इज अ पॉसिबल इंट्रोडक्शन फॉर युवर टॉपिक' अशी झाली होती. लेखकांनी ते वाचलं नाही, आणि परीक्षक व संपादक यांच्याही नजरेतून ते सुटलं. त्याआधी, २०२१मध्ये, कबानाक, लाब्बे आणि मगाझिनॉव्ह या तिघांनी 'छळलेल्या शब्दप्रयोगां'ची यादी काढली. साम्य लपवण्यासाठी शब्द बदलणारं सॉफ्टवेअर चालवलं की ब्रेस्ट कॅन्सरचं 'बोसम पेरिल' होतं आणि आर्टिफिशिअल इंटेलिजन्सचं 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. असे पेपर आता हे शब्द शोधूनच पकडले जातात. दहा टक्क्यांच्या आत आणून देणारा तुमच्या पेपरचं काय करतो, ते यावरून कळावं.

पायरी ६: जर्नल निवडणं

मेल असा येतो. 'डिअर एस्टीम्ड प्रोफेसर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे!' (तुमची अजून पीएचडी व्हायची आहे.) तुमच्या 'प्रतिष्ठित लेखनाने' ते भारावलेले असतात. जर्नलाच्या नावात 'इंटरनॅशनल' आणि 'मल्टिडिसिप्लिनरी' हे शब्द असतातच. मराठी साहित्य, पॉलिमर रसायनशास्त्र आणि शारीरिक शिक्षण अशा सगळ्या विषयांचं एकाच अंकात स्वागत. तीन दिवसांत स्वीकृती, दीड-दोन हजार रुपये, प्रमाणपत्र मोफत, प्रत्येक सहलेखकाला वेगळं. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) सात पूर्णांक काहीतरी. पैसे भरायला खाजगी यूपीआय क्रमांक.

तीन दिवसांत परीक्षण, म्हणजे विषयातल्या जाणकारांकडून निबंधाची तपासणी, होत नाही. एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी निम्मी जर्नलं गळतील.

हे आपल्याकडे इतकं का बोकाळलं, ते थोडं समजून घ्या. गुणांसाठी पेपर हवेत म्हणून यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी केली, आणि विद्यापीठांनी सुचवलेली नावंही त्यात आली. पुण्यातल्या संशोधकांनी ती तपासली आणि तिच्यात निकृष्ट जर्नलं भरपूर असल्याचा निष्कर्ष २०१८मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापला. मे २०१८मध्ये यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. मग 'यूजीसी-केअर' ही नवी यादी आली, आणि तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालत होतं. फेब्रुवारी २०२५मध्ये तीही यादी बंद केल्याचं यूजीसीने जाहीर केलं. जर्नल कसं पारखायचं याचे निकष दिले आणि जबाबदारी संस्थांवर टाकली. त्यामुळे आजही कुणी 'यूजीसी-केअर लिस्टेड' अशी जाहिरात करत असेल तर तिथूनच मागे फिरा.

म्हणजे पारख तुम्हालाच करायची आहे. मी ती अशी करते.

त्या जर्नलाचे मागचे दोन अंक उघडून तुमच्या विषयाचे दोन लेख पूर्ण वाचा. वेबसाइट फसवी असू शकते, लेख फसवू शकत नाहीत. त्यात शुद्धलेखनच धड नसेल तर पुढे तपासायचं काही उरत नाही. मग संपादक मंडळातल्या एक-दोघांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधा. आपलं नाव तिथे आहे हेच त्यांना ठाऊक नसतं, असंही होतं. त्यांना सरळ मेल करून विचारा, लोक उत्तर देतात.

आयएसएसएन हा फक्त नोंदणीचा आठ अंकी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, असला तरी तो उघडून त्याच लेखापाशी पोहोचतो का, ते बघा. इम्पॅक्ट फॅक्टर हा आकडा क्लॅरिव्हेट कंपनीच्या वार्षिक अहवालातून येतो. बाकी मिळत्याजुळत्या नावांचे आकडे विकत मिळतात. स्कोपस या जर्नलांच्या निर्देशसूचीत आहे असा दावा असेल तर स्कोपसच्याच यादीत जाऊन बघा, जर्नलाच्या पानावरचं चित्र बघू नका. खुल्या प्रवेशाचं, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारं, जर्नल असेल तर डीओएजे या निर्देशिकेत ते आहे का, तेही पाहा.

'क्लोन' जर्नलांपासून विशेष सावध. खऱ्या, जुन्या, बहुतेक वेळा छापील निघणाऱ्या नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन चोरून बनावट वेबसाइट काढतात आणि पैसे गोळा करतात. भारतीय भाषांतली आणि मानव्यविद्यांची नियतकालिकं याला सोपी बळी पडतात, कारण कित्येकांची स्वतःची वेबसाइटच नसते. शंका आली तर अंकावर छापलेल्या पत्त्यावर फोन करा. मराठीत 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका' किंवा धुळ्याच्या राजवाडे मंडळाचं 'संशोधक' अशा नियतकालिकांचे जुने अंक ग्रंथालयात चाळलेत, तर संपादन केलेला अंक कसा असतो याचा अंदाज डोळ्यांना येतो.

पैसे मागितले म्हणजे जर्नल खोटं, असं मात्र नाही. खुल्या प्रवेशाच्या चांगल्या जर्नलांचंही शुल्क असतं, कधी लाखांत. फरक असा की ते आधीपासून वेबसाइटवर लिहिलेलं असतं, स्वीकृतीचा निर्णय त्यावर अवलंबून नसतो, आणि अडचण असेल तर सवलत मागता येते. याउलट जॉन बोहॅनन या पत्रकाराने २०१३मध्ये ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध ३०४ खुल्या प्रवेशाच्या जर्नलांना पाठवला होता. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. हैदराबादच्या ओमिक्स कंपनीवर तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खटला भरला. परीक्षण होतं असं खोटं सांगणं आणि शुल्क लपवणं हे त्यातले आरोप. २०१९मध्ये तिथल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला.

मोठं नाव पाहूनही निर्धास्त होऊ नका. वायली या मोठ्या प्रकाशनसंस्थेने २०२१मध्ये विकत घेतलेल्या हिंदावी प्रकाशनाच्या जर्नलांतून २०२३ या एका वर्षात ८,०००हून जास्त निबंध मागे घेतले गेले. बहुतेक पाहुण्या संपादकांच्या विशेषांकांतले. म्हणून विशेषांकाचं आमंत्रण आलं तर पाहुणा संपादक कोण आहे, ते आधी बघा.

पायरी ७: एका वेळी एकीकडेच

तीन ठिकाणी पाठवून जिथून आधी होकार येईल तिथे छापायचं, हे स्थळं बघण्यात चालत असेल, इथे नाही. उत्तर यायला चार-सहा महिने लागतात आणि तेवढे थांबावं लागतं. फारच उशीर झाला तर विचारणा करा. काढून घ्यायचा असेल तर तसं लिहा, आणि 'मागे घेतला' असं उत्तर आल्यावरच दुसरीकडे पाठवा.

आपल्याकडे खरी गडबड होते ती चर्चासत्रांमुळे. सेमिनारला पेपर वाचला, आयोजकांनी तो आयएसबीएन असलेल्या पुस्तकात छापला, आणि तोच पेपर वर्षाने जर्नलला गेला. हे दुबार प्रकाशन आहे. आयोजकांना आधीच विचारा: सारांश छापणार की पूर्ण पेपर? पूर्ण छापणार असतील तर फक्त सारांश द्या. प्रीप्रिंट सर्व्हरवर, म्हणजे छापण्याआधीचे निबंध सगळ्यांना खुले ठेवणाऱ्या साइटवर, ठेवलेला मसुदा बहुतेक जर्नलांना चालतो, पण त्यांचं धोरण वाचा आणि निबंधासोबतच्या पत्रात उल्लेख करा.

त्याच पत्रात निधी कुणाचा आणि हितसंबंध काय, तेही सांगा. खतकंपनीच्या पैशातून खताचा अभ्यास केला तर तो आपोआप खोटा ठरत नाही. पण तो पैसा लपवला तर वाचक पुढचं काहीच मानणार नाही.

पायरी ८: परीक्षण

काही जर्नलं परीक्षकांची नावं तुम्हालाच सुचवायला सांगतात. गाईडचं, मित्राचं किंवा त्याच प्रयोगशाळेतल्या माणसाचं नाव देऊ नका. आणि खऱ्या प्राध्यापकाच्या नावाखाली स्वतःचाच मेल पत्ता तर नकोच. हसू नका, 'ट्यूमर बायॉलॉजी'ने एप्रिल २०१७मध्ये १०७ निबंध मागे घेतले ते बनावट परीक्षणापायीच.

शेरे बोचरे असतात. उत्तर दोन दिवसांनी लिहा, मुद्द्यागणिक. पटलं नाही तिथे कारण देऊन नाही म्हणता येतं. 'माझे हे पाच लेख संदर्भात घ्या' असं परीक्षक म्हणाला आणि ते विषयाला धरून नसतील, तर संपादकाला कळवा.

कधी तुमच्याकडेच परीक्षणासाठी निबंध येईल. तो गोपनीय असतो. मित्राला दाखवायचा नाही आणि एआयमध्ये टाकून सारांशही काढायचा नाही, कारण तो मजकूर तुमचा नाही.

पायरी ९: छापून आल्यावर

चूक सापडली तर संपादकाला स्वतः कळवा. छोटी असेल तर दुरुस्ती छापतात, निष्कर्षच ढासळत असेल तर निबंध मागे घेतात. मागे घेणं म्हणजे नाक कापलं जाणं, असं समजायचं कारण नाही. रसायनशास्त्राचं २०१८चं नोबेल मिळालेल्या फ्रान्सेस अरनॉल्ड यांनी 'सायन्स'मधला आपला निबंध जानेवारी २०२०मध्ये मागे घेतला. प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर तेच निष्कर्ष येईनात, आणि प्रयोगवहीतल्या काही नोंदी नव्हत्या. त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं आणि माफी मागितली.

स्वतः संदर्भ देतानाही तो निबंध मागे घेतलेला नाही ना, ते तपासा. मागे घेतलेल्या निबंधांची रिट्रॅक्शन वॉचने केलेली नोंदसूची २०२३पासून क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांना खुली आहे.

खोट्या जर्नलात आधीच अडकला असाल तर आणखी पैसे देऊ नका आणि कॉपीराइटच्या कागदावर सही करू नका. निबंध मागे घेत असल्याचा मेल पाठवा, त्याची प्रत ठेवा. 'काढून घ्यायचं शुल्क' मागतील, ते भरू नका. निबंध त्यांनी छापूनच टाकला असेल तर तो पुन्हा चांगल्या जर्नलला देताना संपादकाला सगळं आधीच सांगा. काही नाही म्हणतील, काही समजून घेतील.

आणि तुमचंच काम दुसऱ्याच्या नावाने छापलेलं दिसलं तर सोशल मीडियावर जाण्याआधी तक्ता करा: डाव्या बाजूला तुमचा मजकूर तारखेसह, उजव्या बाजूला त्यांचा. तो त्या जर्नलाच्या संपादकाला पाठवा. जर्नल कोपचं सदस्य असेल तर अशा तक्रारीचं काय करायचं याचे तक्ते कोपने देऊन ठेवले आहेत, आणि संपादकाने दाद दिली नाही तर कोपकडेही जाता येतं. लेखक भारतातल्या विद्यापीठातला असेल तर त्याच्या संस्थेलाही कळवा. २०१८च्या नियमांप्रमाणे विभागीय पातळीवरच्या समितीने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका, ते दिवस तिच्या तारखेपासून मोजले जातात.